झातोइचीचे २६ चित्रपट आणि आपल्या घरातल्या कॅसेटी

(नरडाणा येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

फलकावर विषय वाचून तुमच्यापैकी काहींच्या मनात आलंच असेल, ‘हाई काय शे?’ जपानी तलवारबाजांचे पिक्चर आणि नरडाणा! संबंध आहे. आपल्या गावावरून मुंबई-आग्रा रस्ता जातो, त्या रस्त्यानं धुळ्याच्या पुढे गेलं की मालेगाव लागतं. व्याख्यान संपायच्या आत आपण तिथं पोहोचणार आहोत. सुरुवात मात्र जपानपासून करू. एक लांबलचक चित्रपटमालिका विखुरते कशी आणि पुन्हा गोळा होते कशी, हे तिथं अगदी स्पष्ट दिसतं.

मालिकेचं नाव झातोइची. नायक इची हा आंधळा. गावोगाव फिरून लोकांचं अंग रगडून देतो, जुगार खेळतो आणि हातातल्या काठीत तलवार लपवून ठेवतो. ‘झातो’ ही त्या काळच्या जपानमधल्या आंधळ्यांच्या संघटनेतली सगळ्यात खालची पायरी. म्हणजे काटेकोर बोलायचं तर हा सामुराई नव्हेच. सामुराईंनी ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं, असा माणूस. पण दुकानात, यादीत, पेटीवर सगळीकडे तो सामुराई चित्रपटांतच मोडतो. आपणही तसंच म्हणू.

पहिला चित्रपट १९६२ चा. कंपनी दाईएई, दिग्दर्शक केंजी मिसुमी, नायक शिंतारो कात्सू. पहिले दोन कृष्णधवल, तिसऱ्यापासून रंगीत. चालला म्हणून दुसरा काढला, दुसरा चालला म्हणून तिसरा. एकट्या १९६४ सालात चार आले! १९७३ पर्यंत २५ झाले. मग कात्सूनं दूरचित्रवाणीवर १०० भाग केले आणि १९८९ मध्ये स्वतःच्याच दिग्दर्शनात २६ वा चित्रपट काढला. नायक सगळ्यांत तोच.

आता गोळा करणाऱ्याची खरी अडचण इथं सुरू होते. बघणाऱ्याला ही एक मालिका वाटते, कागदोपत्री ती एक नाही. १९६७ मध्ये कात्सूनं स्वतःची निर्मिती कंपनी काढली, तेव्हापासून काही चित्रपट तिच्या नावावर. १९७१ च्या अखेरीस दाईएईचं दिवाळं वाजलं. शेवटचे काही चित्रपट तोहो या दुसऱ्या बड्या कंपनीनं वितरित केले. दाईएईचा जुना साठा पुढे हातोहात फिरत २००२ मध्ये कादोकावा कंपनीकडे गेला. भावाभावांत शेत वाटलं जातं तशी गत. विहीर एकाकडे, बांध दुसऱ्याकडे आणि सातबारा तिसऱ्याच्याच घरात.

याचा परिणाम डीव्हीडीच्या काळात अमेरिकेत दिसला. तिथं मालिकेचे हक्क दोन कंपन्यांत वाटले गेले. काही चित्रपट होम व्हिजननं काढले, काही अ‍ॅनिमइगोनं. दोघांची वेष्टनं वेगळी, उपशीर्षकांची पद्धत वेगळी. हौशी माणसानं दोन्हीकडचे घेऊन क्रमानं फळीवर लावले, तरी १३ नंतर एकदम १५. चौदावा दोघांकडेही नव्हता.

आणि चौदावा म्हणजे काही भरताडा चित्रपट नव्हे. १९६६ चा. नावाचा अर्थ ‘झातोइची समुद्र ओलांडतो’. पटकथा कानेतो शिंदो यांची, ज्यांचा ‘ओनिबाबा’ आपल्याकडच्या फिल्म सोसायटीवाल्यांना ठाऊक असतो. यात इची शिकोकू बेटावरच्या ८८ देवळांच्या यात्रेला निघतो, कारण आपल्या हातून मेलेल्या माणसांचं ओझं त्याला सोसत नाही. १३ चित्रपट माणसं कापणारा नायक चौदाव्यात प्रायश्चित्ताला निघतो आणि नेमका तोच भाग हातात येत नाही! रामायणातून एक कांड गळावं, तसं. कथा पुढे चालू राहते, पण माणूस बदलला कुठं ते कळत नाही.

ही जागा भरली २०१३ मध्ये. क्रायटेरियन या कंपनीनं १९६२ ते १९७३ चे पंचवीसही चित्रपट एका पेटीत काढले. ब्लू-रे आणि डीव्हीडी मिळून २७ डिस्क. हक्कांची बोलणी करून कोणीतरी सगळं एका जागी आणलं, हे मला त्यातलं सगळ्यात मोठं काम वाटतं. छपाई, चित्रं, पुस्तिका हे सगळं नंतरचं. तरीही १९८९ चा चित्रपट त्या पेटीत नाही. तो वेगळ्या कंपनीकडून वेगळा घ्यावा लागतो, आणि दूरचित्रवाणीचे १०० भाग ही आणखी वेगळीच गोष्ट.

ती पेटी खानदेशात मागवली तर लागेल का? साध्या प्लेअरवर लागेलच असं नाही. डीव्हीडीचे जगभर प्रदेश पाडलेले आहेत. अमेरिका १, जपान २, भारत ५. ब्लू-रेमध्ये अमेरिका आणि जपान ‘ए’ गटात, आपण ‘सी’ गटात. परक्या प्रदेशाची डिस्क घातली की प्लेअर सरळ नकार देतो. सगळे प्रदेश चालवणारा प्लेअर लागतो, आणि डिस्कच्या आधी तो बघावा. बरं, थेट जपानमधून मागवली तर पुष्कळदा इंग्रजी उपशीर्षकंच नसतात. ऑनलाइनचं म्हणाल, तर क्रायटेरियनची स्वतःची वाहिनी अमेरिका आणि कॅनडापुरतीच आहे. शिवाय कोणत्याही वाहिनीवर करार संपला की चित्रपट उतरतो. उतरताना तुम्हाला कोणी विचारत नाही.

कॅसेटच्या काळाबद्दल थोडकंच सांगतो. हे चित्रपट रुंद पडद्यासाठी काढलेले, उंचीच्या सव्वादोनपटीहून जास्त रुंद. टीव्हीच्या चौकोनात भरण्यासाठी असल्या चित्रपटांच्या बाजू कापायची रीत होती. इची मधे उभा, चार माणसं दोन्हीकडून येतात आणि कॅसेटवर ती दिसतच नाहीत. आंधळा तो, पण दिसत नाही आपल्याला!

आता मालेगाव. अकिरा कुरोसावा यांचा ‘सेव्हन सामुराई’ १९५४ चा. दरोडेखोरांनी गांजलेलं गाव लढवय्ये भाड्यानं आणतं. त्यावरून हॉलिवूडनं १९६० मध्ये ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ काढला, आणि त्याच वळणावर १९७५ चा आपला ‘शोले’ उभा आहे. ‘शोले’वरून मालेगावच्या नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला, तोही व्हिडिओवर, गावातल्याच माणसांना घेऊन. सामुराईची वाट जपानहून निघून मोसम नदीच्या काठापर्यंत आली ती अशी. पुढे फैजा अहमद खान यांनी या मंडळींवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ थिएटरात लागला.

पण एक फरक नीट लक्षात घ्या. झातोइचीला निगेटिव्ह होती. कंपनी बुडाली तरी रिळांची किंमत होती, म्हणून कोणीतरी ती विकत घेतली. व्हिडिओवर काढलेल्या चित्रपटाला निगेटिव्ह नसते. कॅसेट हीच मूळ प्रत. तिच्यावर कुणी लग्नाचं शूटिंग उतरवलं की विषय संपला. व्हीएचएसची प्रतीवरून प्रत काढली की दर वेळी चित्र फिकं होत जातं. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी फुनाई, तिनंही २०१६ मध्ये काम थांबवलं. म्हणजे कॅसेट चांगली असली तरी ती चालवायला यंत्र शोधावं लागतं.

अहिराणी गाण्यांच्या आणि विनोदी नाटुकल्यांच्या व्हीसीडी आठवतात ना? आठवडे बाजारात, यात्रेत, बसस्टँडवर विकायच्या. एका व्हीसीडीत ७४ मिनिटं मावतात, चित्रही लहानच. त्यातल्या बऱ्याच घरच्या सीडी-रायटरवर जाळलेल्या. जाळलेल्या सीडीचा रंगथर उन्हानं, उकाड्यानं खराब होतो, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला मी काय सांगू? झातोइचीचा चौदावा तिथल्या लोकांना हवा होता म्हणून सापडला. इथं यादीच नसेल, तर कोणता भाग गेला हेही कळणार नाही.

म्हणून घरी गेल्यावर माळ्यावरचा तो डबा उतरवा. सीडी कडांनी धरायची, पुसताना मधून बाहेर पुसायची, गोल गोल नाही. संगणकावर नुसती लावून बघू नका, आतल्या सगळ्या फायली हार्डडिस्कवर उतरवा आणि दुसरी प्रत वेगळ्या घरात ठेवा. कॅसेटला पांढरी बुरशी दिसली तर व्हीसीआरमध्ये घालूच नका, हेड खराब होतं आणि पुढच्या कॅसेटीलाही बुरशी लागते. आणि सोबत एका कागदावर लिहा: कोणत्या साली काढली, कुठं काढली, गाणारं कोण, नाचणारं कोण, कॅमेरा कोणाचा. वेष्टनावर बहुतेक वेळा फक्त दुकानाचं नाव असतं. बाकीचं सांगणारी माणसं अजून गावात आहेत, त्यांना विचारून घ्या.