मेटल : रॉकची शाखा की स्वतंत्र प्रकार?

मागच्या सत्रात आमच्या डॉर्मिटरीत एक वाद रंगला. हाउसच्या संगीत स्पर्धेत आम्ही मेटलची एक रचना वाजवली आणि ‘रॉक’ गटात शेवटचे आलो. परीक्षकांचा शेरा होता : ‘ठेका खुलला नाही.’ शिलाँगचा माझा मित्र म्हणाला, “बरोबरच आहे. मेटल म्हणजे जोरात वाजवलेला रॉकच!” मला ते पटले नाही, पण का, हे सांगताही येईना. मग सुट्टीत बरेच ऐकले, वाचले. जे समजले ते इथे मांडतो.

मेटलचा जन्म रॉकच्या घरातला, हे आधीच मान्य करतो. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातला ‘ब्लॅक सबाथ’ हा बँड सुरुवातीला ब्लूजच वाजवत असे. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात काम करी. तिथे यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात हाच! त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे बनवली आणि पातळ तारा वापरल्या. पुढे तारा सैल करून स्वरही खाली उतरवला. त्यातून तो जड, गडद आवाज अधिकच गडद झाला. १९७० साली त्यांचा पहिला अल्बम आला. त्यातील पहिल्याच गाण्याची मुख्य धून तीन स्वरांची आहे : षड्ज, वरचा षड्ज आणि तीव्र मध्यम. पेटीवर वाजवून पाहा, अंगावर काटा येतो.

मग फरक कुठे पडला? पहिला फरक ठेक्यात. रॉकमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोर असतो, त्यात ब्लूजचा झोल असतो, पाय आपोआप हलतो. मेटलमध्ये बहुधा तो झोल नसतो. ठेका सरळ, कवायतीसारखा काटेकोर, आणि अनेकदा दोन्ही पायांनी वाजवलेला बास ड्रम. दुसरा फरक स्वरांत. गिटारचा आवाज खूप फाटका केला की गंधार गढूळ ऐकू येतो. म्हणून तो गाळून फक्त षड्ज-पंचम वाजवतात. रॉकमध्येही हे आहे, पण मेटलची इमारत त्यावरच उभी आहे. बर्मिंगहॅमच्याच ‘जुडास प्रीस्ट’ने सत्तरच्या दशकात ब्लूजचा रंग आणखी कमी केला. १९८३ मध्ये ‘मेटालिका’चा पहिला अल्बम आला, तेव्हा वेगही कुठल्या कुठे गेला होता.

१९८९ च्या ग्रॅमी पुरस्कारांत हार्ड रॉक आणि मेटल यांचा एकच गट होता. मेटालिका स्पर्धेत असूनही पुरस्कार मिळाला ‘जेथ्रो टल’ या, बासरीसाठी प्रसिद्ध असलेल्या रॉक बँडला! मोठी टीका झाली आणि पुढच्या वर्षी दोन वेगळे गट झाले.

माझे मत असे : मराठी प्राकृतातून आली, म्हणून तिला कोणी प्राकृताची बोली म्हणत नाही. तिचे व्याकरण वेगळे आहे. मेटलचेही तसेच. आता तर त्याच्या स्वतःच्या थ्रॅश, डूम, डेथ अशा शाखा आहेत.

मित्राने विचारले, “मग ‘डीप पर्पल’ला कुठे बसवशील?” तो बँड सीमेवरचा, हे मी कबूल केले. पण सीमेवर गावे असतात म्हणून सीमाच नाही, असे होत नाही. यंदा आम्ही दोघांनी मिळून संगीत शिक्षकांकडे वेगळ्या गटासाठी अर्ज दिला आहे. क्रमांक कितवाही येवो, मेटल मेटलच्या मापाने मोजले जावे, एवढीच विनंती.