लंगोट वाळवायचे कुठे?

नवं कोरं कापड शू पीत नाही. थेंब त्यावर क्षणभर मण्यासारखा उभा राहतो आणि घरंगळून बाळाच्या पाठीखाली जातो. कापसाच्या धाग्यावर मुळातच मेणाचा पातळ थर असतो, त्यात विणण्याआधी ताण्याला लावलेली खळ. कारखान्यात यातलं बरंचसं निघतं, उरलेलं घरच्या धुण्यात हळूहळू जातं. बाळंतविड्यात जुन्या सुती पातळाचे लंगोट असायचे, त्यात काटकसर होतीच; पण वर्षानुवर्षं धुवून विरलेलं ते कापड शू टिपायला दुकानातल्या कोऱ्या कापडापेक्षा सरसच.

लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे डोंबिवलीला आली, तेव्हा मालिश, शेक आणि डिंकाचे लाडू ही खाती बायकोकडे गेली आणि लंगोट माझ्याकडे आले. निवृत्त माणसाला आणखी काय देणार?

तयारी मे महिन्यातच सुरू झाली, कारण बाळ येणार होतं ऐन आषाढात. ट्रंकेतून माझ्या आईची दोन सुती नऊवारी पातळं निघाली. त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास होता. हा वास नुसता नाकाला झोंबणारा नाही. काही बाळांच्या तांबड्या पेशींमध्ये जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. गोळ्यांतल्या नॅफ्थलीनने अशा बाळांच्या पेशी फुटतात आणि कावीळ विकोपाला जाऊ शकते. त्यामुळे पातळं वारंवार धुतली, गच्चीवरच्या उन्हात घातली आणि वास पूर्ण गेल्यावरच फाडायला घेतली. हो, फाडायलाच. कात्रीने चीर द्यायची आणि टर्रकन ओढायचं. धागा सरळ येतो. काठ बाजूला काढले. दुमडून जाड शिवण घातली नाही, कारण ती मांडीला काचते.

चौकोनाचा त्रिकोण, एक टोक पायांमधून वर, दोन टोकं कमरेशी. नाळ पडेपर्यंत गाठ बेंबीच्या खाली. मालिशवाल्या मावशींचं यात बारीक लक्ष असे. ‘आजोबा, सैल. पोरगं आहे, पार्सल नाही.’

आता हिशेब शूचा. पहिल्या आठवड्यानंतर बाळाने दिवसातून निदान सहा वेळा शू करावी, म्हणजे दूध पुरेसं मिळतंय असं समजावं, असं डॉक्टरांनी लेकीला सांगितलं होतं. लंगोटात ही मोजदाद आपोआप होते, कारण प्रत्येक वेळी बाळ ओरडून कळवतं. विकतच्या डायपरमध्ये सोडियम पॉलिॲक्रिलेटचे दाणे असतात. ते वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतात, बाळ कोरडं राहतं, आणि किती वेळा झाली हे कुणालाच कळत नाही.

धुण्याचं शास्त्र फार मोठं नाही. शीचा लंगोट आधी गार पाण्यात. गरम पाण्याने डाग पक्का बसतो. मग साबण, मग फेस पूर्ण जाईपर्यंत पाणी. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य घालायचं नाही, कारण त्याचा थर धाग्यावर बसतो आणि जुनं कापड पुन्हा नव्यासारखं वागायला लागतं. एवढं करूनही पिवळा डाग राहतोच. तो ऊन काढतं. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीत बिलिरुबिन बरंच असतं आणि ते प्रकाशाने विघटित होतं. काविळीच्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, ते याच रंगद्रव्यासाठी. दोरीवर फिका होत जाणारा डाग बघताना मला याची फार गंमत वाटे.

पण ऊन होतं कुठे? आषाढात आमच्याकडे टॉवेलसुद्धा दोन दोन दिवस दमट राहतो. पूर्वी शेगडीवर डालं पालथं घालून त्यावर लंगोट पसरत, खाली ओवा-शेपांची धुरी. बंद फ्लॅटमध्ये तो धूर बाळाच्या छातीत कशाला? मी हॉलमध्ये पंख्याखाली दोऱ्या बांधल्या आणि निम्मे सुकलेले लंगोट इस्त्रीने पुरे केले. चुर्र आवाज, वाफ, आणि खरं सांगायचं तर थोडा वासही. येणारे पाहुणे वाकून आत शिरत.

लेकीच्या मैत्रिणीने आधुनिक कापडी डायपर भेट दिले होते: बाहेर पाणी न झिरपणारं कापड, बटणं, आत जाड पट्टी. रात्रीला उत्तम, बाळ सलग झोपे. पण ती जाड पट्टी वाळता वाळत नसे. पातळाचा एकेरी तुकडा पंख्याखाली तासा-दोन तासांत हाताला कोरडा लागे. जेवढं जास्त पितं, तेवढं उशिरा वाळतं. पावसाळ्यात निवड इथेच होते.

ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ साली फेकायचे आणि कापडी अशा दोन्ही डायपरांचा हिशेब मांडला होता. एका मुलाची अडीच वर्षं धरली, तर फेकायच्या डायपरपायी सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन आणि कापडीपायी सुमारे ५७०. म्हणजे कापडी जरा जास्तच! मात्र यंत्र पूर्ण भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि तेच दुसऱ्या मुलालाही वापरलं, तर कापडीचा आकडा सुमारे २०० किलोंनी उतरतो. विजेच्या ड्रायरमध्ये वाळवलं तर चढतो. माझी इस्त्री त्यात कुठे बसते, हे मी विचारत बसलो नाही. आकड्यांत न येणारा एक भाग मात्र आहे. वापरलेला डायपर शेवटी कुणाच्या तरी हातात जातो. पुण्यात असा कचरा कागदात गुंडाळून वर लाल ठिपका करायला सांगतात, म्हणजे वेचणाऱ्या बाईला ते पुडकं उघडावं लागत नाही. दवाखान्यात जाताना आम्हीही डायपर वापरत होतो. ठिपका काढायचं काम अर्थात माझ्याच खात्यात.

लेक बाळाला घेऊन बंगळुरूला गेली, तेव्हा लंगोटांचा गठ्ठा सोबत दिला. तिथे बाल्कनीबाहेर कपडे वाळत घालायला सोसायटीची मनाई. जावईबापूंनी घडीचं स्टँड आणलं, ते बेडरूमच्या खिडकीशी उभं राहिलं. कायद्याने मिळालेली २६ आठवड्यांची रजा संपत आली, तशी लेकीने पाळणाघरं पाहिली. सगळीकडे एकच अट: डायपर घालूनच आणायचं, कापडी चालणार नाही. त्यांचंही बरोबर आहे. इतक्या पोरांचे लंगोट कोण धुणार आणि वाळवणार कुठे? आता लंगोट संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी. ‘बाबा, निम्मे परत पाठवू का?’ तिने फोनवर विचारलं. म्हटलं, ठेव. पुसायला कामाला येतील.