रेल्वे सुरक्षितता, निधी आणि प्रवासी कल्याण : अकोला–खंडवा मार्ग व धारणी तालुका यांच्या संदर्भात

प्रस्तावना

भारतीय रेल्वे ही वाहतुकीची एक यंत्रणा आहे, तसेच ती एक सामाजिक संस्थाही आहे. तिच्या सुरक्षिततेची चर्चा मात्र बहुधा मोठ्या अपघातानंतरच होते. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोरजवळ झालेल्या अपघातात २९० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले, तेव्हा सिग्नल यंत्रणा, रूळदुरुस्ती आणि सुरक्षेवरील खर्च हे विषय पुन्हा ऐरणीवर आले. परंतु सुरक्षिततेची आणखी एक बाजू आहे व ती अपघाताच्या आकडेवारीत दिसत नाही. एखाद्या मार्गावरील गाडीच बंद झाली तर त्या मार्गावरील रेल्वे अपघात शून्यावर येतात. प्रवासी मात्र प्रवास करतच राहतो. त्याच्या वाट्याला आलेली जोखीम कोणाच्या हिशेबात धरावयाची, हा प्रश्न अमरावती जिल्ह्यातील धारणी तालुक्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे निधी, कायदा आणि प्रवासी कल्याण या तीन अंगांनी विवेचन केले आहे.

मार्गाची पार्श्वभूमी

अकोला–खंडवा हा सुमारे १७४ किलोमीटर लांबीचा मीटरगेज मार्ग स्वातंत्र्योत्तर काळात, १९६० च्या सुमारास पूर्ण झाला. त्यामुळे उत्तरेकडील राजस्थान व माळवा हे प्रदेश हिंगोली, पूर्णा आणि पुढे हैदराबादपर्यंतच्या मीटरगेज जाळ्याशी जोडले गेले. मीनाक्षी एक्स्प्रेस याच मार्गाने धावत असे. अकोट, अडगाव बुद्रुक, हिवरखेड ही वऱ्हाडच्या सपाटीवरील स्थानके मागे टाकून गाडी वान रोडपासून सातपुड्यात शिरे आणि धूळघाट, डाबका या मेळघाटातील स्थानकांवरून तुकईथडकडे उतरे. धूळघाटाजवळ चढ कमी करण्यासाठी लोहमार्गाला असा वळसा दिलेला होता की, गाडी पुलावरून आपलाच खालचा मार्ग ओलांडत असे. हे वळण ‘चारचा आकडा’ म्हणून ओळखले जाई.

धारणी गावाला रेल्वे स्थानक नाही. मात्र धूळघाट रेल्वे हे गाव धारणी तालुक्यातच येते. या परिसरातील कोरकू कुटुंबांना हंगामी मजुरीसाठी डोंगर उतरून सपाटीवर जावे लागते. रस्ते विरळ आणि पावसाळ्यात बेभरवशाचे असलेल्या या पट्ट्यात सवारी गाडी हे सर्वांत स्वस्त साधन होते.

रतलाम–महू–खंडवा–अकोला या ४७२ किलोमीटर मार्गाचे रुंदीकरण २००८-०९ मध्ये मंजूर झाले. अकोला–पूर्णा हा भाग २००८ मध्येच ब्रॉडगेज झाला होता. २०१७ च्या आरंभी अकोला–खंडवा विभागातील मीटरगेज गाड्या थांबल्या. अकोला–अकोट हा ४४ किलोमीटरचा टप्पा ब्रॉडगेज होऊन नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यावर प्रवासी गाडी सुरू झाली. अकोटच्या पुढे, सातपुड्यातील टप्प्यावर मात्र काम अडले.

वाघाचा प्रश्न आणि पर्यायी मार्ग

काम अडण्याचे कारण केवळ प्रशासकीय नव्हते. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये घोषित झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. जुन्या मार्गाचा सुमारे ३९ किलोमीटर भाग या प्रकल्पाच्या क्षेत्रातून जातो. मीटरगेजवरील मोजक्या व मंदगती गाड्या वेगळ्या आणि ब्रॉडगेजवरील वेगवान प्रवासी व मालगाड्या वेगळ्या. रुंदीकरणात केवळ रूळ बदलत नाहीत. वेग, गाड्यांची संख्या आणि भराव यांचे सारे प्रमाण बदलते. वनक्षेत्राचे तुकडे पडण्याची भीती त्यामुळे निराधार नव्हती. २०२१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून पर्यायी मार्गाचा आग्रह धरला. पुढे अडगाव, हिवरखेड, सोनाळा, जामोद, खकनार असा प्रकल्पाबाहेरून जाणारा, सुमारे ३० किलोमीटर अधिक लांबीचा मार्ग रेल्वेने स्वीकारला.

हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. वन्यजीवांची सुरक्षितता साधते, तसेच बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील अनेक गावे प्रथमच रेल्वेच्या कक्षेत येतात. तथापि या निर्णयाची किंमत एका विशिष्ट समूहाने चुकती केली आहे. धूळघाट व डाबका ही स्थानके नव्या नकाशात नाहीत. वाढीव लांबीचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात मांडला जातो. धारणी तालुक्याने गमावलेल्या गाडीची नोंद त्यात कोठेही होत नाही.

सुरक्षा निधीचे स्वरूप

ही नोंद का होत नाही, हे समजण्यासाठी रेल्वेचा निधी कसा उभा राहतो ते पाहणे आवश्यक ठरते. ॲकवर्थ समितीच्या शिफारशीनंतर १९२४ पासून रेल्वेचा अर्थसंकल्प स्वतंत्रपणे मांडला जात होता. २०१७ मध्ये तो सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला. मालवाहतुकीच्या नफ्यातून प्रवासी वाहतुकीचा तोटा भरून काढणे ही रेल्वेच्या अर्थकारणाची जुनी रीत आहे. उत्पन्नाचा बहुतेक भाग चालू खर्चातच संपत असल्याने जुन्या मालमत्तेच्या नूतनीकरणासाठी पुरेशी रक्कम उरत नाही.

यावर उपाय म्हणून वेळोवेळी विशेष निधी उभारले गेले. न्या. एच. आर. खन्ना समितीच्या शिफारशीनंतर २००१ मध्ये १७,००० कोटी रुपयांचा विशेष रेल्वे सुरक्षा निधी स्थापन झाला व त्यासाठी प्रवाशांकडून सुरक्षा अधिभारही घेण्यात आला. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ मध्ये पाच वर्षांत एक लाख कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची आणि स्वतंत्र वैधानिक सुरक्षा प्राधिकरणाची शिफारस केली. २०१७-१८ मध्ये एक लाख कोटी रुपयांचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष निर्माण झाला. त्यात दरवर्षी १५,००० कोटी केंद्राकडून आणि ५,००० कोटी रेल्वेच्या स्वतःच्या साधनांतून यावयाचे होते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२२ च्या अहवालानुसार पहिल्या चार वर्षांत रेल्वेने आपल्या वाट्याच्या २०,००० कोटींपैकी केवळ ४,२२५ कोटी दिले. शिवाय काही रक्कम प्राधान्यक्रमात न बसणाऱ्या बाबींवर खर्च झाल्याचेही त्या अहवालात नमूद आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, या सर्व निधींची व्याख्या रूळ, पूल, सिग्नल, फाटक अशा मालमत्तेभोवती बांधलेली आहे. ती आवश्यकच आहे. ब्रॉडगेजवरील मानवरहित फाटके २०१९ पर्यंत संपुष्टात आली, हे या दृष्टीचे ठळक यश होय. परंतु बंद झालेल्या गाडीचा प्रवासी या व्याख्येत बसत नाही.

प्रवाशाच्या जोखमीचे स्थलांतर

गाडी बंद झाल्यावर प्रवासी एसटी बस, खाजगी बस किंवा काळीपिवळी जीपकडे वळतो. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला. रेल्वे गाड्यांच्या अपघातांतील मृत्यूंशी या आकड्याची तुलनाच होऊ शकत नाही. परतवाडा–सेमाडोह–हरिसाल–धारणी हा घाटरस्ता तर विशेष अवघड आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सेमाडोहजवळ धारणीकडे जाणारी खाजगी बस पुलावरून कोसळून काही प्रवाशांचा मृत्यू झाला व अनेक जण जखमी झाले. या अपघाताचा मीटरगेज बंद होण्याशी थेट संबंध जोडता येणार नाही, कारण तो मार्ग वेगळ्या दिशेचा आहे. मात्र ज्या तालुक्याला रस्त्याखेरीज दुसरे साधन उरलेले नाही, त्याची असुरक्षितता त्यातून दिसून येते.

जोखमीबरोबर कायद्याचे संरक्षणही बदलते. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १२४ व १२४अ अन्वये रेल्वेचा दोष सिद्ध न करताही प्रवाशास भरपाई मागता येते. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ही रक्कम आठ लाख रुपये आहे आणि ती देणारी संस्था प्रत्यक्ष शासनाचीच असते. मोटार वाहन अधिनियमाच्या सुधारित कलम १६४ अन्वये दोष सिद्ध न करता मिळणारी रक्कम पाच लाख रुपये आहे. त्याहून अधिक हवे असल्यास चालकाचा निष्काळजीपणा न्यायाधिकरणापुढे सिद्ध करावा लागतो. वाहनाचा विमा नसेल तर वसुली अधिकच बिकट होते. क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरलेल्या जीपमधील मजुराच्या दृष्टीने हा फरक केवळ तांत्रिक नाही.

उणीव कोठे आहे

नवा मार्ग खुला करण्यापूर्वी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी बंधनकारक असते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाऐवजी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात, म्हणजे त्यांची स्वायत्तता जपली गेली आहे. मार्ग बंद करताना प्रवाशांवर होणाऱ्या परिणामांची अशी स्वतंत्र तपासणी मात्र आपल्या कायद्यात नाही. ब्रिटनमध्ये १९६२ च्या वाहतूक कायद्याने मार्ग बंद करण्याविरुद्ध हरकती आल्यास प्रवाशांना होणाऱ्या अडचणींचा अहवाल प्रवासी सल्लागार समितीने मंत्र्यांना सादर करण्याची तरतूद केली होती. पुढच्याच वर्षी आलेल्या बीचिंग अहवालानंतर तेथे हजारो मैलांचे मार्ग बंद झाले; म्हणजे त्या तरतुदीने मार्ग वाचले असे नव्हे. तरीही झालेले नुकसान कागदावर नोंदले गेले आणि पर्यायी बससेवेची अट घालणे शक्य झाले.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, वाघाची सुरक्षितता आणि प्रवाशाची सुरक्षितता यांत येथे मूलतः विरोध नाही. विरोध निर्माण होतो तो हिशेबाच्या पद्धतीमुळे. वळण मार्गाचा खर्च प्रकल्पाचा मानला जातो, तर गाडी गमावलेल्या गावाची सोय हा राज्य परिवहनाचा किंवा नशिबाचा भाग ठरतो. रुंदीकरण प्रकल्पाच्या मंजुरीतच बंद काळातील पर्यायी बससेवेचा खर्च धरणे, नवा मार्ग सुरू होताच धारणी व धूळघाट परिसरातून तुकईथडसारख्या जवळच्या स्थानकाशी जोडणारी नियमित एसटी सेवा रेल्वेच्या वेळापत्रकाशी बांधणे, आणि मार्ग बंद करण्यापूर्वी प्रवासी परिणाम अहवाल अनिवार्य करणे, हे उपाय खर्चाच्या दृष्टीने अवाक्याबाहेरचे नाहीत. एक लाख कोटींच्या सुरक्षा कोषाच्या तुलनेत ही रक्कम नगण्य ठरेल. सुरक्षितता ही रुळांची आणि डब्यांची असते तशीच ती प्रवाशाचीही असते. धूळघाटच्या फलाटावर गाडी येत नाही म्हणून तेथील प्रवासी सुरक्षित झाला, असे कोणत्याही हिशेबाने म्हणता येणार नाही.