बाळंतिणीला एकटे सोडू नका

खंडाळा तालुक्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. दर 3 जानेवारीला आम्ही तेथे जातो, अभिवादन करतो आणि परत येतो. पण माईंचे एक मोठे काम भाषणांत मागेच राहते. 1863 साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. समाजाने टाकलेल्या विधवांची बाळंतपणे तेथे झाली. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला आणि शिकवून डॉक्टर केला. जिचे कोणी नाही तिच्या उशाशी बसायचे, हे माईंचे काम.

आपल्या वस्तीत आज ते काम कोण करते?

मागच्या पावसाळ्यात आम्ही एका घरी बाळ पाहायला गेलो. बाळ बारा दिवसांचे. नवरा शिरवळला कारखान्यात रात्रपाळीला, सासू रोजंदारीवर. सुनेला माहेरी आई नाही. बाळ रडत होते आणि तीही रडत होती. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हते. शेजारी कोणी म्हणाले दृष्ट लागली, कोणी म्हणाले नखरे आहेत. सासूला तरी काय बोलणार? खाडा केला तर संध्याकाळची चूल पेटत नाही.

आमच्या घरच्या मंडळींनी बचत गटातील बायकांना बोलावले आणि पाळी लावली. एकीने सकाळी भाकरी-भाजी द्यायची, दुसरीने धुणे करायचे, तिसरीने दुपारी दोन तास बाळ सांभाळायचे, म्हणजे आई झोपेल. तरीही तिचे मन उभारी घेईना, तेव्हा आशाताईंबरोबर तिला डॉक्टरांकडे नेले. उपचाराने ती सावरली. दृष्ट वगैरे काही नव्हते.

पहिले काही दिवस रडू येणे साहजिक आहे. पण दोन आठवड्यांनंतरही झोप नाही, बाळाकडे लक्ष नाही, जीव नकोसा वाटतो, तर तो आजार आहे. डॉक्टरांकडे न्या, 14416 या टेलिमानस क्रमांकावर फोनही करता येतो. जास्त रक्तस्राव, ताप, झटके, असह्य डोकेदुखी दिसली तर क्षणभरही न थांबता 108 ला कळवा.

आपले हक्कही माहीत करून घ्या. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी आशाताईंनी घरी यायचे असते. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत, घरी सोडायला गाडीही मोफत. मातृवंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या बाळासाठी 5000 रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास 6000 रुपये मिळतात. कारखान्यात आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम केलेल्या बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. कंत्राटी म्हणून तिला डावलता येत नाही.

ही रजा कोणाची मेहेरबानी नव्हे. 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. बाळंतिणीला विश्रांती मिळणे हे देशाच्याच हिताचे आहे, असे त्यांनी तेथे मांडले. 1929 साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला.

पण कायदा भाकरी थापायला येत नाही. ते शेजारणीनेच करायचे. आणि बंधूंनो, लंगोट धुण्याने कोणाचा पुरुषार्थ कमी होत नाही. पुढच्या वेळी बाळ पाहायला जाल, तेव्हा झबल्याबरोबर जेवणाचा डबाही न्या. दोन तास बसा आणि तिला झोपू द्या.