मुके सोबती, गोचीड आणि आपले आजी-आजोबा

पावसाळा सुरू झाला की काल्हेरच्या दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. घोट्याभोवती आणि पोटरीच्या खालच्या भागात बारीक लाल पुरळ उठलेले असतात, कधी दोन-तीन एका ओळीत. रात्री खाज सुटून झोप मोडते. रुग्ण बहुधा साठीच्या पुढचे असतात आणि 'डास चावले असतील' असे सांगतात. अशा वेळी माझा पहिला प्रश्न असतो, "घरी कुत्रा किंवा मांजर आहे का?" डास अंगावर कुठेही चावतो, पिसू मात्र जमिनीवरून उडी घेते, म्हणून तिचा मारा मुख्यतः पायांवर असतो.

ठाणे-भिवंडी रस्त्यावरचे आपले गाव आता गोदामांचे झाले आहे. गोदामे आली की उंदीर येतात, उंदरांमागे मांजरे आणि रखवालदारांच्या सोबतीला कुत्रेही येतात. आपला घरचा कुत्रा संध्याकाळी त्याच रस्त्याने फिरून येतो आणि आजोबांच्या खाटेखाली निजतो. या वाटेनेच गोचीड आणि पिसवा घरात शिरतात.

असा त्रास झाला की घरातील कोणीतरी जनावर बाहेर सोडण्याची भाषा करतो. वाचकहो, घाई करू नका. जोडीदार गेलेल्या, मुले कामावर असणाऱ्या वृद्धासाठी ते जनावर म्हणजे दिवसभराची सोबत असते. ती तोडण्याची गरज नाही. गरज आहे ती घरातल्या थोड्या शिस्तीची.

शत्रू अंगावर कमी, घरात जास्त

पिसवांच्या एकूण संख्येपैकी डोळ्यांना दिसणाऱ्या प्रौढ पिसवा साधारण 5 टक्केच असतात. उरलेल्या 95 टक्के अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपात गोधडीत, सतरंजीखाली आणि सोफ्याच्या फटींत असतात. एक मादी दिवसाला 40 ते 50 अंडी घालू शकते. कोषातील पिसू आठवडेच्या आठवडे, कधी काही महिनेही, स्वस्थ राहते आणि पावलांचा हादरा किंवा ऊब जाणवताच बाहेर येते. गावाहून परतल्यावर बंद घरात एकाएकी पिसवांचा सुळसुळाट दिसतो, तो यामुळेच.

कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड तर आपले सारे आयुष्य घरातच काढू शकतो. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी गळून पडते, भिंतीच्या किंवा चौकटीच्या फटीत शिरते आणि हजारो अंडी घालते. केवळ जनावराच्या अंगाला काही चोळून हा प्रश्न सुटत नाही, तो याचसाठी.

खरे नैसर्गिक उपाय

'डॉक्टर, काही नैसर्गिक उपाय सांगा,' असे मला नेहमी विचारले जाते. माझे उत्तर असते : केरसुणी, ऊन, गरम पाणी आणि फणी.

जनावराचे अंथरूण आठवड्यातून एकदा कडक गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवावे. पिसवांच्या अळ्यांना ऊन आणि कोरडेपणा सोसत नाही. पावसाळ्यात ऊन नसेल तर कापड पंख्याखाली वाळवून त्यावर इस्त्री फिरवावी. खाटेखालचा व कोपऱ्यांतला केर रोज काढावा, तो घरात न साठवता पिशवीत बांधून टाकावा. भिंतीच्या फटी बुजवून घ्याव्यात.

उवांसाठी वापरतो तशी बारीक दातांची फणी रोज कुत्र्या-मांजराच्या अंगावरून फिरवावी आणि साबणाच्या पाण्यात झटकावी. फणीत काळे कण आले तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावेत. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा समजावी. हे काम आजी-आजोबांनी खुर्चीवर बसूनच करावे. जमिनीवर वाकून तोल गेला तर पिसवांपेक्षा मोठे दुखणे ओढवते.

रात्री जमिनीलगत छोटा दिवा लावून त्याखाली साबणाच्या पाण्याची उथळ ताटली ठेवली की पिसवा उजेडाकडे उडी मारून तीत बुडतात. त्यावरून घरात त्यांचे प्रमाण किती आहे याचा अंदाज येतो. ताटली मात्र भिंतीकडेला ठेवावी. शौचालयाच्या वाटेवर नको.

गोचीड चिकटलेला दिसला तर चिमट्याने त्याला कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढावा. रॉकेल, तेल किंवा जळती काडी लावू नये. तो बोटांनी चिरडू नये. स्पिरिटच्या बाटलीत टाकावा आणि हात साबणाने धुवावेत.

ही शिस्त किमान तीन महिने पाळावी लागते, कारण कोष मागे राहतात.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी अंगावर ओतल्याने थोडा काळ आराम पडत असेल, परंतु घरभर पसरलेला प्रादुर्भाव त्याने संपत नाही. कडुनिंबाचे तेल पोटात गेल्याने लहान मुलांना गंभीर विषबाधा झालेली आहे. लसूण आणि कांदा खाऊ घातल्याने कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात. टी ट्री तेल दोघांनाही, विशेषतः मांजरांना, विषारी आहे. कापूर आणि डांबराच्या गोळ्या कोपऱ्यांत ठेवणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे : स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला कापराची वडी खडीसाखरेसारखी दिसू शकते, आणि गिळलेल्या कापराने झटके येतात.

मी माणसांचा डॉक्टर आहे. जनावराचे औषध पशुवैद्यानेच ठरवावे. एवढे मात्र सांगतो : कुत्र्यासाठीचे पर्मेथ्रिन असलेले औषध मांजराला लावू नये, ते त्याच्या जिवावर बेतते. कुत्र्याने खाणे सोडले, ताप आला, हिरड्या पांढुरक्या पडल्या, तर घरगुती उपाय थांबवून त्याला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे.

ताप आला तर

या क्षुद्र कीटकांचा इतिहास क्षुद्र नाही. 1896 साली मुंबईत प्लेग शिरला आणि 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी तो उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो हे दाखवले. आपल्या मांजरावरची पिसू निराळी, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. परंतु गोदामाजवळ मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये, हा धडा आजही लागू आहे. सिंधुदुर्गातील माकडताप जंगलातल्या गोचिडांमुळे होतो, घरच्या कुत्र्यामुळे नव्हे.

घरच्या कुत्र्याच्या गोचिडांमुळे होऊ शकणारा आजार म्हणजे इंडियन टिक टायफस. नावात साम्य असले तरी हा टायफॉइड नव्हे. गोचीड चावल्यानंतर साधारण आठवडाभरात जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी आणि नंतर पुरळ येते. ते तळहात-तळपायांवरही दिसते. नेहमीची अनेक प्रतिजैविके यावर निरुपयोगी ठरतात; डॉक्सिसायक्लिन वेळेवर सुरू झाले तर ताप बहुधा दोन-तीन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर वृद्ध आणि मधुमेही रुग्णांत आजार गंभीर वळण घेऊ शकतो. हे औषध मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नये.

म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांना माझी विनंती आहे. आजी-आजोबांना ताप आला की डॉक्टरांना रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांची यादी दाखवताच, त्याच्या जोडीला 'घरी कुत्रा आहे, मागच्या आठवड्यात गोचीड काढला होता' हेही आवर्जून सांगा. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा. या एका वाक्याने निदानाचे चार दिवस वाचू शकतात.