असं का होतं? : तैलरंग ‘वाळतो’ म्हणजे नेमकं काय?

जलरंगातलं चित्र काही मिनिटांत वाळतं, तैलरंग मात्र कित्येक दिवस बोटाला लागत राहतो. पाणी उडून जातं तसं तेलही सावकाश उडत असावं, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण तसं असतं तर रंगाच्या थराचं वजन घटलं असतं. प्रत्यक्षात तैलरंगात वापरल्या जाणाऱ्या जवसाच्या तेलाचा थर सुरुवातीला थोडा जडच होतो. कारण तेल हवेतला ऑक्सिजन घेतं. त्यामुळे तेलाचे रेणू एकमेकांत गुंततात आणि सुट्या धाग्यांचं कापड व्हावं तशी घट्ट वीण तयार होते. रंगाचे कण तिच्यात कायमचे अडकतात. मग खोबरेल तेल असं घट्ट का होत नाही? थंडीत ते गोठतं, पण ऊब मिळताच वितळतं. ऑक्सिजनशी जोडल्या जाणाऱ्या जागा त्याच्या रेणूंत फार कमी असतात, जवसाच्या तेलात भरपूर.

हा संथपणाच चित्रकाराच्या कामी येतो. रंग ओला असेपर्यंत एक छटा दुसरीत अलगद मिसळता येते. 15व्या शतकातल्या यान व्हान आयकच्या चित्रांतली खोली आणि राजा रविवर्मांच्या चित्रांतली रेशमाची झळाळी तैलरंगातच साधली. मग श्रेय तेलाचं म्हणायचं का? नाही. तेल फक्त अवधी देतं. तो कसा वापरायचा, हे चित्रकारच ठरवतो. वरचा थर खालच्यापेक्षा अधिक तेलकट ठेवला नाही, तर चित्राला तडे जाऊ शकतात. म्हणूनच साहित्याची जाण हाही प्रतिभेचाच भाग मानायला हवा.