डोंगर पश्चिमेला, पाऊसही पश्चिमेलाच

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत उमेदीची वर्षं काढलेला माणूस, हाती चार पैसे आले की मावळात नाहीतर खेडच्या पश्चिम पट्ट्यात जागा बघायला लागतो. पवना धरणाच्या काठाने फिरताना कधी तुंग दिसतो, कधी तिकोना, कधी लोहगड. सातबारा, रस्ता आणि बिनशेती यांचा घोळ मागच्या लेखात झाला. जागा नावावर झाली असं धरू. आता त्या उतारावर घर नेमकं कुठे बसवायचं?

या भागाची अडचण अशी की बघण्यासारखं बहुतेक सगळं पश्चिमेला आहे, आणि घराला छळणारंही तिकडूनच येतं. जून ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा पावसाची झड थेट दिवाणखान्यात आणतो. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पिंपरीत त्याच्या पाव हिस्साही नाही. म्हणजे प्लॉट घाटाकडे जितका सरकेल तितकी झड वाढत जाणार. मे महिन्यात सूर्य मावळतो पश्चिमेच्या थोडा उत्तरेला. संध्याकाळी पाचचं तिरपं ऊन दोन फुटी छज्ज्याखालून बिनदिक्कत आत शिरतं. अशा बाजूला काचेची अख्खी भिंत लावणारे बहुधा दुसऱ्या वर्षी तिला जाड पडदे लावतात.

हाच पेच मुंबईत चार्ल्स कोरिया यांच्यापुढे होता. समुद्र पश्चिमेला, ऊन-पाऊसही पश्चिमेचाच. १९८३मध्ये पुऱ्या झालेल्या ‘कांचनजंगा’ या २८ मजली इमारतीत त्यांनी जुन्या बंगल्यांची पडवी वर नेली. घराच्या कोपऱ्यात दुमजली उंचीची बागेसारखी गच्ची सोडली आणि राहायच्या खोल्या तिच्या आड घेतल्या. उतारावरच्या घराला तर ही युक्ती फारच स्वस्तात जमते. पश्चिमेला आठ-दहा फूट खोल पडवी, वर खाली उतरत आलेलं कौलारू छप्पर, की झड पडवीतच अडते. फक्त कठडा भरीव विटांचा नको. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून जेमतेम चार फुटांवर असतात. तीन फुटी भिंतीमागे बसलं तर दूरचा डोंगर दिसेल, पण खालची दरी आणि पाणी गायब. तिथे लोखंडी गजच बरे.

पाण्याचंही एक आहे. दलाल गिऱ्हाइकाला हमखास ऑक्टोबरात नेतो, तेव्हा धरण तुडुंब असतं. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. मे उजाडेपर्यंत ते मागे हटतं आणि काठाला चिखल-खडकांचा रुंद पट्टा उघडा पडतो. पिंपरीच्या घरी नळ सोडणाराच आपल्या फार्महाउससमोरचं तळं आटवत असतो!

दृश्याच्या मोहात माणूस वर वर सरकतो. तिथे नियम आडवा येतो: एकास पाच किंवा त्याहून खडा उतार बांधकामाला साधारणपणे बंद. हे मोजायला गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी पुरते. नळीचं एक टोक वरच्या खुंटीला, दुसरं आडव्या अंतराने दहा मीटर खाली उभ्या केलेल्या पट्टीला. दोन्हीकडचं पाणी स्थिरावलं की खुणा करायच्या. जमिनीच्या पातळीत दोन मीटरचा फरक निघाला, तर उतार बरोबर एकास पाच. आराखड्यासाठी मात्र टोटल स्टेशनने समोच्च रेषांचा नकाशा करून घ्यावाच.

त्या रेषांना घर समांतर, लांबट ठेवलं की खोदाई कमी होते. जेसीबीवाला मात्र वरचा मुरूम कापून खाली लोटतो आणि तासाभरात सपाट मैदान करून देतो. त्यातला अर्धा भाग भरावाचा असतो. तो दोन-तीन पावसाळ्यांत खचतो आणि त्यावरच्या भिंतीला तडे जातात. पाया भराव ओलांडून मूळ मुरमात किंवा कातळात जायला हवा, नाहीतर पुढचा भाग खांबांवर उचलावा. डोंगराकडच्या अंगाला पाणी वळवणारा चर आणि संरक्षक भिंतीत पाणी निघायला भोकं, यांत काटकसर नको. खेडला लागून असलेल्या आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ला मुसळधार पावसात माळीणवर डोंगर कोसळला. १५१ माणसं गेली.

चर खणताना वरच्या प्लॉटकडेही बघून ठेवावं. आज तिथे गवत आहे. उद्या तिथेही कुणी घर बांधेल, आणि त्याची सेप्टिक टँक आपल्या बोअरच्या डोक्यावर येईल. त्याचं काय करायचं, ते पुढच्या आठवड्यात.